कंप्युटरवरचं स्नूकर: पॉट सगळे जातात, मग फ्रेम का हरते मी?

गराडू | शनिवार, रात्री १०:४२

मंडळी, हसायचं तर आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

आमचे सासरे, अण्णा, वय वर्षं ८१. दिवाळीनंतर गुडघा बदलला, तेव्हापासून संध्याकाळची फेरी बंद आणि चिडचिड सुरू. शेवटी भाचा जेल रोडवरून नवा माउस घेऊन आला आणि जुन्या डेस्कटॉपवर त्याने स्नूकर-पूलचा एक गेम टाकून दिला. आता घरातलं एकही माणूस अण्णांना हरवू शकत नाही. नवरा हरला. मुलगा हरला (इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याला जास्त लागलं). मी रोज हरते.

गंमत म्हणजे पॉट मी चांगले मारते, म्हणजे चेंडू पॉकेटात बरोबर घालते. नेमाची रेघ स्क्रीनवर असतेच, ती पॉकेटकडे वळवायची आणि हाणायचं. लाल गेली की मीच टाळी वाजवते. पुढे मात्र पांढरी कुठेतरी कडेला जाऊन चिकटते, नाहीतर सरळ पॉकेटात. परवा सलग चार वेळा घालवली, अण्णांना चार चोक सोळा गुण बसल्या जागी.

त्यांना विचारलं तर म्हणतात, "बघत राहा." दिवसभर स्क्रीनवर बोट टेकवत बसतात, ते तेलकट ठसे मी रोज पुसते, वर रोज हरते. तर हा गेम खेळायचा कसा? सुरुवात कुठून करू?

जिरावन | रात्री १०:४९

ताई, आधी त्यांच्या हातातली शेवेची वाटी काढून घ्या. ठसेही बंद, अर्धी फ्रेमही (म्हणजे डावही) तुमची.

पोहेवाली | रात्री १०:५५

स्नूकर की पूल? दोन्ही वेगळे आहेत हो. पूलमध्ये साध्या रंगाचे सात, पट्ट्यांचे सात आणि एक काळा आठ नंबर. आपले सात संपवून मग काळा. स्नूकरमध्ये १५ लाल आणि सहा रंगीत.

गराडू | रात्री ११:०१

गेममध्ये दोन्ही आहेत, पण अण्णा स्नूकरच लावतात. पूल म्हणजे त्यांच्या मते "कॅरमचं धाकटं भावंड".

लांबा_पॉट | रात्री ११:३०

गराडूताई, मी पंधरा वर्षं स्नूकर पार्लरमध्ये टेबलाचे पैसे भरलेत. हरणारा भरतो, यावरून माझी पातळी ओळखा. पण हरायचं कसं ते मला पक्कं ठाऊक आहे.

खऱ्या टेबलावर लांबचा रेड मारताना क्यू, म्हणजे खेळायची काठी, सरळ जाईल का, खांदा हलेल का, यातच अर्धा जीव जातो. टेबल बारा फूट लांब, बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा, आणि पॉकेटची तोंडं गोलसर, बॉल जरा कडेला लागला की बाहेर थुंकून देतात. गेममध्ये क्यू कधी वाकडा जात नाही. तुम्ही ज्याला टाळ्या वाजवताय ते रेड पाडणं गेमने तुम्हाला फुकट दिलंय. तुमच्या हातात उरतात दोनच गोष्टी: जोर किती, आणि व्हाइटला कुठे टोचायचं. म्हणजे तुम्ही व्हाइट खेळायची असते, रेड नाही.

जोरापासून सुरुवात करा. सरावाचं रिकामं टेबल लावा. व्हाइट खालच्या कुशनजवळ (टेबलाच्या कडेच्या पट्टीजवळ) ठेवून सरळ वर मारा. जोराची पट्टी पाव खेचली की किती लांबी जाते, अर्धी खेचली की किती, हे एका कागदावर लिहा. वरच्या कुशनला लागून परत आपल्याकडे यावी आणि खालच्या कुशनला जेमतेम टेकून थांबावी, तो जोर सापडेपर्यंत दुसरं काही करू नका. नवखा माणूस दहातले नऊ शॉट गरजेपेक्षा दुप्पट जोराने मारतो. तुमची पांढरी चार वेळा पॉकेटात जाते ती त्यामुळेच, असा माझा अंदाज. (बॉलला लागून व्हाइट पॉकेटात गेली तर त्याला आम्ही इन-ऑफ म्हणतो. नाव गोड, किंमत चार.)

आणि माउसचा वेग सेटिंगमध्ये जाऊन कमी करा. रेघ पॉकेटवर हलत्या हाताने थांबत नाही.

जिरावन | रात्री ११:३४

फाउल म्हणजे कायम चारच ना? मग सोळाच्या सोळा अण्णांना, बरोबर.

लांबा_पॉट | रात्री ११:३८

कमीत कमी चार. निळ्यावर फाउल केला तर पाच, गुलाबीवर सहा, काळ्यावर सात. म्हणजे काळ्याला मारून व्हाइट घालवली की सातचा चुना.

रेघोट्या | रविवार, सकाळी ८:१५

माझं स्पष्ट मत: ती नेमाची रेघ बंद करा. रेघ लावून खेळणं म्हणजे मुलाचा गृहपाठ बापाने करून देणं. मी सहा महिने रेघेवर खेळलो, मग एका लग्नात मित्रांबरोबर पार्लरला गेलो तर साधा समोरचा बॉलही लागेना. अब्रू गेली. सेटिंगमध्ये "व्यावसायिक पातळी" असं काहीतरी असेल, तिथे रेघ जाते.

पोहेवाली | सकाळी ८:४०

रविवारी सकाळी सव्वाआठला पोहे सोडून स्नूकरवर भांडण! रेघोट्या, तुम्ही इंदूरचे वाटत नाही.

रेघोट्या | सकाळी ८:४४

पोहे झाले. जलेबीही झाली. आता भांडायला बळ आहे.

कोडकाका | सकाळी ९:२०

रेघोट्यांशी अर्धा सहमत. रेघ बंद करू नका, रेघ वाचायला शिका. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, हौस म्हणून एकदा पूलचा छोटा गेम लिहिला होता, तेव्हा आतून कसं चालतं ते कळलं.

बहुतेक गेममध्ये पांढरी लालला जिथे लागणार तिथे एक पोकळ गोल दिसतो. त्या गोलातून दोन रेघा फुटतात. एक लाल कुठे जाणार त्याची. दुसरी आखूड, पांढरी कुठे जाणार त्याची. नवखे पहिलीच बघतात. दुसरी आखूड असते, पण सगळी भानगड तिच्यात आहे.

दोन सारख्या वजनाचे चेंडू. पांढरी जर लालला लागण्याच्या क्षणी नुसती घसरत असेल, म्हणजे पुढे गोल फिरत नसेल, तर टकरीनंतर दोघी काटकोनात फाटतात. हा झाला स्टन. ती आखूड रेघ बहुधा हाच काटकोन दाखवते. पण पांढरी जर नेहमीसारखी घरंगळत आली असेल, तर तिच्यात पुढचं फिरणं शिल्लक असतं. टक्कर झाल्यावर ती आधी काटकोनाच्या वाटेने सुटते आणि मग पुढे वळते. लाल अर्धी झाकेल असा शॉट असेल तर पांढरी आपल्या मूळ वाटेपासून साधारण तीस अंशांच्या आसपासच वळते, नव्वद नाही. पाव ते पाऊण चेंडू झाकला तरी आकडा फार बदलत नाही. हे डोक्यात बसलं की पांढरी कुठे जाणार ते मारायच्या आधीच दिसायला लागतं. तर्जनी आणि मधलं बोट ऐसपैस फाकवा, साधारण तोच कोन होतो.

म्हणजे रेघ खोटं बोलत नाही, ती अर्धंच सांगते. काटकोन बघून तुम्ही म्हणता "पांढरी पॉकेटपासून लांब आहे", आणि प्रत्यक्षात ती वळून सरळ पॉकेटात जाते.

गराडू | सकाळी ९:४१

कोडकाका, हे वाचून मी देवघरात बोटं फाकवून उभी होते. नवऱ्याने विचारलं, काय मागतेस?

गराडू | सकाळी ९:४३

पण खरंच, चारही वेळा असंच झालं होतं. रेघ भलतीकडे, पांढरी पॉकेटात!

रेघोट्या | सकाळी १०:०५

कोडकाका, तुमचं सगळं मान्य. तरी माझा मुद्दा शिल्लक आहे: रेघेवर वाढलेला माणूस पार्लरमध्ये आंधळा असतो. खऱ्या टेबलावर पोकळ गोल कोण दाखवणार?

लांबा_पॉट | सकाळी १०:३०

तो आपणच डोळ्यांनी काढायचा. पॉकेटच्या मधोमधपासून रेडच्या मधोमध एक रेघ ओढा, ती रेडच्या पाठीमागे एक बॉलभर वाढवा, तिथे एक भुताचा बॉल उभा आहे असं समजा. व्हाइटने त्या भुताची जागा घ्यायची. गेमने भूत रंगवून दिलंय एवढंच. उलट मी म्हणेन, गेममुळे माझं भूत पक्कं झालं. हात पक्का झाला नाही, त्याला टेबलच लागतं, तिथे तुमचं खरं आहे.

ग्वाल्हेरी_गजक | सकाळी ११:१०

तुम्ही इंदूरवाले टेबलावर चेंडू पळवता. आमच्याकडे जयविलास पॅलेसमध्ये जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी पळायची, पाहुण्यांना सिगार-ब्रँडी वाटत. विषय संपला.

जिरावन | सकाळी ११:१२

त्या गाडीला तिकीट होतं का भिया, की पाहुण्यांना फाउलवर सोडायचे?

राजवाडा_टाइमपास | दुपारी १२:३०

धागा वाचून जुने दिवस आठवले. २००२-०३ च्या सुमारास भंवरकुआंला कोचिंगच्या नावाखाली आम्ही सायबर कॅफेत याहूचा पूल खेळायचो. प्लायवूडची खोपटी, डोक्यावर घरघरणारा पंखा, तासाचे वीस रुपये. समोर कोण खेळतंय पत्ता नाही, ब्राझील असेल नाहीतर बाजूच्या खोपटीतला माझा मित्रच. एकदा तसंच झालं. मी काळा आठ नंबर वेळेआधी घातला, म्हणजे डाव गेला, आणि शेजारून "हो हो हो" असा आवाज आला. तेव्हा कळलं की मागचा तास आम्ही एकमेकांना शिव्या टाइप करत होतो.

२०१४ ला याहूने ते सगळं गुंडाळलं. नंतर ब्राउझरमधले फ्लॅशचे गेम आले, तेही २०२० च्या डिसेंबरअखेर फ्लॅश बंद झाल्यावर गेले. आता मुलगा मोबाइलवर खेळतो, अंगठ्याने. बघवत नाही.

बडोदेकर_भाकरवडी | दुपारी १:०५

त्याच्याही आधीचं सांगतो. १९९१ चा 'जिमी व्हाइट्स व्हर्लविंड स्नूकर'. बडोद्याला मामाच्या ऑफिसातल्या कंप्युटरवर खेळलोय, अर्थात अकाउंट्सचे लोक घरी गेल्यावर. त्या काळी टेबलाभोवती फिरून कुठूनही बघता यायचं, हेच आश्चर्य. आणि शॉट मारायला फार वेळ लावला की चेंडू वाकुल्या दाखवायचे!

गराडू | दुपारी १:१०

वाकुल्या आमच्याकडेही दाखवतात, पण ते चेंडू नसतात.

बडोदेकर_भाकरवडी | दुपारी १:१८

हा हा. बाय द वे, या खेळात आमच्या गुजरातचं नाव मोठं आहे हो. अहमदाबादच्या गीत सेठींनी १९९२ मध्ये बिलियर्ड्सचा १२७६ चा ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत सलग तेवढे गुण, केला होता.

राजवाडा_टाइमपास | दुपारी १:३०

मग आम्हीही सांगतो. पहिले भारतीय जगज्जेते, कुठल्याही वैयक्तिक खेळातले, विल्सन जोन्स. १९५८, कलकत्ता, बिलियर्ड्स. जन्म पुण्याचा. पंकज अडवाणींचा जन्मही पुण्याचाच. आणि आपल्या इंदूरची स्नूकरपटू अमी कमानी विसरू नका.

लांबा_पॉट | दुपारी १:४४

आणि खेळ मुळात आपल्या प्रदेशातला. १८७५ ला जबलपूरच्या फौजी मेसमध्ये पावसाळ्यात नेव्हिल चेंबरलेन नावाच्या अधिकाऱ्याने टेबलावर जास्तीचे रंगीत चेंडू आणून ठेवले, तिथून स्नूकर. (पुढे पंतप्रधान झाला तो चेंबरलेन वेगळा.) नवख्या कॅडेटला ते लोक स्नूकर म्हणायचे. कोणीतरी सोपा पॉट हुकवला, चेंबरलेन त्याला स्नूकर म्हणाला, आणि नाव पडलं ते पडलं. नियम पुढे उटीच्या क्लबात भिंतीवर लागले, १८८२ मध्ये.

म्हणजे गराडूताई, शब्दाच्या मूळ अर्थाने सध्या तुम्हीच स्नूकर आहात.

गराडू | दुपारी २:००

धन्यवाद. दीडशे वर्षांनी मान मिळाला.

सुदामानगरी | दुपारी ३:२०

विषयावर येऊ का? मी नवीन आहे. मला रंगीत चेंडूंची जागाच लक्षात राहत नाही. त्यामुळे पुढचा विचार करताच येत नाही.

पोहेवाली | दुपारी ३:४१

हितपि! खालच्या अर्धगोलाकडून, म्हणजे डी कडून, काळ्याकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडून हिरवा, तपकिरी, पिवळा. मग टेबलाच्या मधोमध निळा, लालच्या त्रिकोणाच्या टोकाशी गुलाबी, आणि सगळ्यात वर काळा. किमती: पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७. मुलीच्या दप्तरातल्या रंगपेटीवर मी शिकले.

जिरावन | दुपारी ३:४३

हितपि. ऐकायला आयुर्वेदिक चूर्ण वाटतं. रात्री कोमट पाण्याबरोबर.

कोडकाका | दुपारी ४:१०

सुदामानगरी, पुढचा विचार म्हणजे एकच हिशोब: लाल पाडल्यावर पांढरी अशा जागी थांबावी की तिथून एक मोठा रंग जाईल. रंग परत जागेवर येतो, लाल येत नाही. म्हणून काळा पुन्हा पुन्हा खाता येतो. १५ लाल (प्रत्येकी १) आणि प्रत्येकानंतर काळा, म्हणजे १२० आणि शेवटचे सहा रंग ओळीने, म्हणजे २७. एकूण १४७. जास्तीत जास्त एवढंच.

त्यातूनच उरलेल्या गुणांचं गणित येतं. टेबलावर जेवढ्या लाल, गुणिले आठ, अधिक २७. तीन लाल उरल्या तर ५१. तुम्ही ५२ ने मागे असाल तर नुसते पॉट मारून जिंकता येत नाही, समोरच्याकडून फाउल काढावा लागतो. घरच्या घरी खेळताना हे कोणी मोजत नाही. मला वाटतं अण्णा मोजत असणार.

जिरावन | दुपारी ४:१२

रॉनी ओ'सलिव्हनने १९९७ ला १४७ केले ते ५ मिनिटं ८ सेकंदांत. आमच्याकडे तेवढ्यात गेम लोड होतो.

रेघोट्या | दुपारी ४:५०

ठीक, ठीक. पण जागेवर थांबवायचं कसं, ते कोणी सांगितलंच नाही. "पांढरी थांबावी" म्हणणं सोपं.

लांबा_पॉट | दुपारी ५:२५

बरोबर टोकलंत. व्हाइटच्या मध्यावर मारलं आणि रेड जवळ आणि समोर असेल, तर व्हाइट टकरीच्या जागीच थांबते. मध्याच्या वर मारलं की रेडच्या मागोमाग जाते, तो फॉलो. खाली मारलं की मागे येते, तो स्क्रू. गेममध्ये कोपऱ्यात पांढऱ्या चेंडूचं चित्र असतं, त्यावरचा लाल ठिपका सरकवायचा.

स्क्रूमध्ये सगळे फसतात. व्हाइट उलटी फिरत निघते, पण कापडाला घासत जाताना ते उलटं फिरणं विझत जातं. रेड हातभर अंतरावर असेल तर हलका स्क्रूही मागे येतो. रेड पाच फुटांवर असेल तर हलका स्क्रू वाटेतच मरतो आणि व्हाइट चक्क पुढे घरंगळते. लांबचा स्क्रू हवा तर जोर हवा. आणि जोर वाढला की चूकही महागते. म्हणून जवळजवळ राहा, लांबचे स्क्रू आम्हा लोकांवर सोडा, आम्हीही चुकतो.

बाजूला ठिपका सरकवणं, म्हणजे साइड, महिनाभर विसरा. कुशनला लागल्यावर कोन बदलण्यासाठी ती लागते. तुम्हाला अजून कुशनपर्यंत जायची गरज नाही.

गराडू | रात्री ९:५०

आज दोन तास मोकळ्या टेबलावर नुसता जोर मोजला. फ्रिजवर वाण्याच्या यादीशेजारी कागद चिकटवलाय: "पाव = दीड लांबी, अर्धी = तीन". कामवाली मावशी विचारत होती, ताई कापड घेताय का?

मग अण्णांशी एक फ्रेम. ६८–३१. हरले, पण एकदाही पांढरी पॉकेटात नाही. अण्णांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं. बोलले काही नाहीत.

नवी अडचण. माझी पाळी आली की पांढरी खाली, हिरव्या-तपकिरीच्या मागे दडलेली आणि लाल सगळ्या पार वर. मला काही दिसतच नाही. हे योगायोगाने होतं का?

लांबा_पॉट | रात्री १०:०५

एकदा झालं तर योगायोग. रोज होत असेल तर तुमचे सासरे सेफ्टी खेळतायत. पॉट नसेल तेव्हा रेडची नुसती कड घासायची आणि व्हाइट परत खाली हितपिच्या मागे आणून ठेवायची. तुम्ही आंधळ्यासारखं मारणार, रेड मोकळ्या करून देणार, आणि मग ते शांतपणे जेवायला बसणार. हे ८१ वर्षांचा माणूस गेममधून शिकत नाही. त्यांनी कुठेतरी पाहिलंय.

गराडू | रात्री १०:२०

तुम्ही म्हणालात म्हणून विचारलं त्यांना. त्यांचे मामा एका क्लबात बिलियर्ड्सचे मार्कर होते. गुण लावायचे, क्यू पुसायचे, साहेबलोकांचे चेंडू परत जागेवर ठेवायचे. अण्णा शाळेतून थेट तिथे जायचे आणि खिडकीबाहेरच्या ओट्यावर बसायचे. आत यायची परवानगी नव्हती. आयुष्यात एकदाही क्यू हातात धरलेला नाही. मग गिरणी, मग संसार.

आमच्या लग्नाला २४ वर्षं झाली, यातलं मला काही ठाऊक नव्हतं.

पोहेवाली | रात्री १०:२६

अगं बाई.

राजवाडा_टाइमपास | रात्री १०:३१

खिडकीतून वरून-बाजूने पाहिलेलं टेबल! म्हणून त्यांना सगळं टेबल एकदम दिसतं. आपण क्यूच्या मागून बघतो.

गराडू | रात्री १०:३५

हो की! ते गेमसुद्धा वरून बघायच्या दृश्यातच खेळतात. मी क्यूच्या मागचं दृश्य लावते, मुलगा म्हणाला तेच खरं वाटतं.

चौकस_मावशी | रात्री १०:५८

दोन दिवस नुसती वाचतेय, मला स्नूकरमधलं शून्य कळतं. पण एक विचारू? गराडू, तू पहिल्याच पोस्टमध्ये म्हणालीस की ते दिवसभर स्क्रीनवर बोट टेकवतात आणि तू ठसे पुसतेस. ते ठसे असतात कुठे? पॉकेटांवर का?

जिरावन | रात्री ११:००

मावशी, शेवेवर संशय घेऊ नका, मी आधीच घेतलाय.

गराडू | सोमवार, सकाळी ७:२५

मावशी, पाया पडते तुमच्या.

आज उठल्यावर स्क्रीन पुसली नाही. मॉनिटर बंदच ठेवला आणि खिडकीचा उजेड काचेवर तिरपा दिसेल अशी बाजूला जाऊन उभी राहिले. पॉकेटांवर एकही ठसा नाही. एकही नाही! सगळा दाट डाग एकाच ठिकाणी: गुलाबी आणि काळ्याच्या मधल्या पट्ट्यात, काळ्याच्या थोडा डाव्या-उजव्या बाजूला. दुसरा, जरा विरळ पुंजका खाली, हिरवा आणि तपकिरीच्या मागे. बाकी काच स्वच्छ.

ते लालवर बोट ठेवतच नव्हते. मारायच्या आधी पांढरी कुठे थांबणार, तिथे बोट टेकवत होते. आणि मी महिनाभर रोज सकाळी ओल्या फडक्याने त्यांचं सगळं उत्तर पुसून टाकत होते.

कोडकाका | सकाळी ७:५०

काळ्याच्या बाजूला डाग म्हणजे लाल पाडून काळ्यावर जरा कोनात यायचं. अगदी सरळ समोर नाही, कारण सरळ असेल तर काळा पाडल्यावर पांढरी पुढच्या लालकडे नेता येत नाही. थोडा कोन ठेवला की काटकोन वापरून कुठेही जाता येतं. मी हे सगळं शनिवारपासून परिच्छेद लिहून सांगतोय, तुमच्याकडे नकाशा घरातच होता.

रेघोट्या | सकाळी ८:०२

मी माघार घेतो. रेघ चालू ठेवा. पण आता मलाही मॉनिटर पुसायचा नाहीये.

लांबा_पॉट | सकाळी ८:३०

ताई, आज एक करा. दर शॉटआधी आधी बोट टेकवा, मग माउस धरा. पांढरी बोटापासून एका वितीच्या आत थांबली तर शॉट चांगला, लाल गेली नाही तरी. पॉट मोजू नका, विती मोजा.

सुदामानगरी | सकाळी ९:१५

मी मोबाइलवर खेळते. स्क्रीनच एक वीत आहे.

जिरावन | सकाळी ९:१६

तुमची प्रत्येक पांढरी परफेक्ट. अभिनंदन.

गराडू | मंगळवार, रात्री ९:३०

काल ५४–४७. हरले, पण शेवटचा गुलाबी माझ्या हातात होता. एकदा तर लाल, काळा, लाल, काळा, लाल असं सलग गेलं, २ काळे आयुष्यात पहिल्यांदा. अण्णा म्हणाले, "हां." एवढंच. पण त्यांनी शेवेची वाटी माझ्याकडे सरकवली.

रात्री मुलाने उत्साहाने हा अख्खा धागा त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. चांदीच्या आगगाडीला खूप हसले. मावशींचा प्रश्न आला तेव्हा हसायचे थांबले.

आज सकाळी उठून पाहते तर मॉनिटर लखलखीत. कोपऱ्यात माझंच फडकं, नीट घडी घालून ठेवलेलं.